कार्यक्रम सुटतो तेव्हा

गाण्याच्या कार्यक्रमाला माणसं तासाभरात जमतात आणि दहा मिनिटांत उठतात. पार्किंगचं काम हातात घेणाऱ्यानं पहिल्यांदा हे डोक्यात ठेवावं. मैदानात गाड्या किती मावतील, हे सगळेच विचारतात. मावलेल्या गाड्या एकाच वेळी बाहेर कशा पडतील, हे फार थोडे विचारतात. आणि रात्री दहा वाजता, थंडीत, लेकरं झोपेला आलेली असताना गेटाशी जी चिडचिड होते, ती या न विचारलेल्या प्रश्नामुळे होते.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवला. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे कुठं संगीताचा कार्यक्रम ठरला की आयोजकांचा फोन यायचा, ‘मॅडम, स्वयंसेवक मिळतील का?’ मिळायचे. कलाकारांच्या सरबराईला, स्टेजच्या मागं थांबायला, दारावर पास बघायला हात भराभर वर व्हायचे. पार्किंग म्हटलं की वर्ग शांत. म्हणून पुढे पुढे मी ते काम मागूनच घ्यायला लागले. माणसं कुठून येतात, कोणत्या वाटेनं येतात, कुठं अडतात, हा तर माझा विषय. फळ्यावर काढलेला नकाशा इथं पायाखाली दिसायचा, आणि मुलांनाही तो पुस्तकापेक्षा लवकर कळायचा.

छत्रपती संभाजीनगरात वाहनं का अडतात हे समजून घ्यायचं तर दरवाजे बघावे लागतात. मलिक अंबरानं १६१० मध्ये हे शहर खडकी या नावानं वसवलं, औरंगजेबानं १६८२ मध्ये त्याला तट घातला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण अभिमानानं सांगतो, आणि त्यातले जे उभे आहेत त्यांतले काही आजही रोजच्या रहदारीच्या वाटेवर आहेत. आलेल्याला थांबवून एकेक करत आत घ्यायचं, यासाठीच तर ते बांधले. बारापुल्ला, महेमूद, मकाई या दरवाजांपाशी संध्याकाळी सहानंतर उभं राहिलं की साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती योजना अजून चालू असल्याचं दिसतं. गाव मात्र बदललं. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरानं एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, आणि ती बातमी देशभर गाजली. त्या गाड्याही शेवटी त्याच कमानीपाशी रांगेत लागतात.

या सगळ्याची खरी परीक्षा सोनेरी महालावर होते. बुंदेला सरदार पहाडसिंग यानं १६५१ ते १६५३ च्या दरम्यान हा महाल बांधला. त्याच्या नावाचा पहाडसिंगपुरा शेजारीच आहे. आतल्या चित्रांत सोन्याचा वापर होता, त्यावरून सोनेरी महाल. पाठीशी डोंगर, डोंगरात लेणी, समोर मोकळी जागा. संध्याकाळी दिवे लागले की त्या भिंतीसमोर गाणं ऐकण्यासारखं सुख नाही. संगीत-नृत्याचा वेरूळ महोत्सव पूर्वी खुद्द वेरूळला, कैलास लेण्याच्या परिसरात व्हायचा. तेव्हा शहरातून तीस किलोमीटर जावं लागे, वाटेत दौलताबादच्या तटातल्या दरवाजातून वाहनं एकामागं एक काढावी लागत, मग घाट, मग खुलताबाद. पुढे महोत्सव शहरात सोनेरी महालापुढे आला. मध्ये काही वर्षं खंड पडला आणि २०२३ मध्ये २५ ते २७ फेब्रुवारीला तो पुन्हा भरला. महोत्सव वेरूळहून शहरात आला म्हणजे येणंजाणं सोपं झालं, असं बाहेरच्याला वाटतं. अंतर कमी झालं एवढं खरं.

कारण महाल शहराच्या एका कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. सिडको-हडकोची माणसं टीव्ही सेंटर, दिल्ली दरवाजाकडून येतात. गारखेडा, उस्मानपुऱ्याकडची क्रांती चौक, मध्यवर्ती बसस्थानक, मिल कॉर्नरवरून. वाळूजची नगर नाक्यावरून, छावणीतून. खाम नदी बहुतेकांना ओलांडावी लागते. नदीपलीकडे बेगमपुरा, मकबरा, विद्यापीठ, आणि तिथून महालाकडे जाणारे रस्ते अगदी मोजके. पुढं डोंगरच असल्यामुळं पलीकडून निघून जायची सोय नाही. मैदान केवढंही असो, त्याला तोंड घागरीचं. शिवाय नदीच्या अलीकडे, पाणचक्कीजवळ घाटी रुग्णालय. सगळ्या मराठवाड्यातले अत्यवस्थ रुग्ण तिथं येतात, रात्री-अपरात्री येतात. त्यामुळे आमच्या मुलांना मी पहिला नियम तोच सांगायची. कार्यक्रमाची गर्दी कितीही असू दे, रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिकेला मोकळी राहिलीच पाहिजे. गाणं दहा मिनिटं उशिरा सुरू झालं तर काही बिघडत नाही.

काम दुपारीच सुरू व्हायचं. ऊन उतरायच्या आत मैदान पायांनी मोजायचं, फक्की मारायची, बांबू रोवायचे, दोरी बांधायची. हिशेब साधा असतो आणि तो मुलांकडूनच करून घ्यायचा. एक मोटार उभी राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण ती आत यायला आणि वळायला वाट लागते, ती धरली की जवळजवळ दुप्पट. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे सपाट, मोकळ्या एकरभर जागेत दीड-पावणेदोनशे मोटारी. झाडं, खड्डे, जनरेटरची गाडी, अग्निशमन दलाची जागा वजा केली की आणखी कमी. तेवढ्याच जागेत दुचाक्या मात्र हजारावर बसतात. म्हणून मोटारीतून एकटं येणारा माणूस सहा-सात दुचाक्यांची जागा घेतो, हे मुलं एकदा स्वतः मोजून बघत, तेव्हा त्यांना ते पटत असे. नुसतं सांगून पटत नाही.

आता दुसरा अर्धा हिशेब. रुंद, सरळ गेटातून, कोणीही न अडखळता गाड्या निघाल्या तर पाच-सहा सेकंदाला एक मोटार जाते. मिनिटाला दहा-बारा. तीनशे मोटारी एका गेटातून निघायला अर्धा तास. हे सगळं सुरळीत असताना. एकानं खिडकी खाली करून पैसे दिले, सुट्टे मागितले, की साखळी तुटते. म्हणून पार्किंगचे पैसे घ्यायचेच असतील तर येतानाच घ्यावेत, जाताना कधीही नाही. येताना माणसं तासाभरात विखरून येतात, तेव्हा दोन मिनिटं थांबलं तर कुणाला जाणवत नाही. निघताना तीच दोन मिनिटं मागच्या दीडशे जणांना भरावी लागतात.

मुलांनी यात आपापली भर घातली. रात्री गाडी सापडत नाही ही सर्वांत मोठी तक्रार. अंधार, सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या, आणि येताना घाईत कुठं लावली हे लक्षात नसतं. एका वर्षी मुलींनी रांगांना आकड्यांऐवजी स्वरांची नावं दिली. बांबूला पुठ्ठे बांधले, त्यावर ठळक अक्षरात सा, रे, ग, म. गाडी लावून उतरणाऱ्याला एक मुलगी सांगायची, ‘काका, तुमची गाडी धैवतात आहे.’ आकडा माणूस विसरतो, हे विसरला नाही. निघताना माणसं सरळ आपल्या रांगेकडे चालायची, मोबाइलचा उजेड पाडत हिंडायची नाहीत. मैदान रिकामं व्हायला त्या वर्षी खरंच कमी वेळ लागला.

दुचाक्यांची गोष्ट वेगळी. आपलं गाव दुचाक्यांचं आहे, निम्म्याहून अधिक श्रोते त्यावरच येतात, पण आखणीत त्यांना उरलेली जागा मिळते. हे मला कधीच मान्य झालं नाही. दुचाकी गेटाच्या जवळ आणि मोटार लांब, असं असायला हवं. दुचाकी पटकन निघते, जागा पटकन मोकळी करते, आणि दुचाकीवरच्या बाईला रात्री अंधारातून लांब चालावं लागत नाही. मुरमाड जमिनीवर साईड स्टँड रुततो, एक गाडी कलली की तिच्यासकट आख्खी रांग आडवी होते. म्हणून मेन स्टँडवरच लावायला सांगायचं, आणि ज्या आजींना, ताईंना ते जमत नाही त्यांची गाडी मुलांनी चढवून द्यायची. हँडल लॉक करू नका, असं म्हटलं की लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्तच आहे, गाड्या चोरीला जातात. पण टोकन दिलं, रांगेला एक मुलगा नेमून दिला आणि त्याचा चेहरा दाखवला, तर माणसं विश्वास ठेवतात. गर्दीच्या वेळी एकदोन गाड्या हातानं सरकवता आल्या तर तेवढ्यात वाट मोकळी होते.

आणि आवाज. पार्किंगचा आवाज आत जातो, हे बाहेर उभ्या माणसाला जाणवत नाही. मोकळ्या मैदानात तानपुरे जुळत असतात, गवय्यानं षड्ज लावलेला असतो, मंडपात हालचाल थांबलेली असते, आणि तेवढ्यात कुणाची तरी मोटार मागं येताना यंत्रातली धून वाजवायला लागते. एकदा अशी धून सुरू झाली आणि गाणाऱ्यांनी आलाप थांबवून, डोळे मिटून, ती संपेपर्यंत वाट बघितली. चिडले नाहीत. पण मी बाहेर उभी होते आणि मला ती शांतता सहन झाली नाही. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं. कार्यक्रम सुरू झाल्यावर येणाऱ्या मोटारी मंडपाजवळच्या मैदानात येणारच नाहीत, त्यांना लांबच्या जागेत, तोंड मंडपाच्या उलट्या दिशेला. दिव्यांचंही तसंच. महालाच्या भिंतीवर सोडलेला प्रकाश मंद आणि पिवळा असतो, आणि त्यावर एखाद्या गाडीचा पांढरा झोत फिरला की नाचणाऱ्या मुलीचा चेहरासुद्धा क्षणभर पुसला जातो. वळणावर एक मुलगा फक्त ‘दिवे खाली करा’ एवढं सांगायला उभा असायचा. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी, पण शिट्टी वाजवायची नाही, अशी त्याला ताकीद होती.

लोक भांडायचे का? भांडायचे. ओळखी सांगायचे, पास दाखवायचे, कुणाला तरी फोन लावून आमच्या कानाशी धरायचे. यात मला कधी फार राग आला नाही, कारण बहुतेकांच्या मागच्या सीटवर एखादं म्हातारं माणूस बसलेलं असायचं. खरा प्रश्न तिथंच होता. गाडी कुठंही लावू, पण आईला मंडपापर्यंत कसं न्यायचं? यावर उपाय सोपा आहे आणि तो कुठल्याही मैदानावर करता येतो. मंडपाच्या दाराशी उतरण्याची एक जागा ठेवायची, जिथं गाडी अर्धा मिनिट थांबेल आणि पुढे जाईल, लावता येणार नाही. दोन खुर्च्या, एक चाकाची खुर्ची, पाण्याचा जार, आणि आजी-आजोबांना हात देऊन आत नेणाऱ्या दोन मुली. एवढी सोय दिसली की मोटारवाला निमूट लांबच्या मैदानात जातो. त्याला जवळ गाडी लावायची नसतेच, त्याला आईला चालायला लावायचं नसतं.

रिक्षावाल्यांनी मला हे आधी शिकवलं. बेगमपुऱ्याकडून आलेल्या एका रिक्षाला आमच्या मुलानं लांबच थांबवलं, नियमाप्रमाणे. आत एक वयस्क बाई, हातात काठी. रिक्षावाला उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मॅडम, अम्मा से चला नै जाता. अंदर छोडके आतूं, खडा नै रैता.’ तो गेला, बाईंना दाराशी सोडलं, आणि बोलल्याप्रमाणे परतला. पैसेसुद्धा त्यानं परत आल्यावर, त्यांच्या मुलाकडून बाहेर घेतले, आत वेळ जायला नको म्हणून. तेव्हापासून रिक्षा आम्ही कधी अडवली नाही. आम्ही त्यांना कार्यक्रम सुटायच्या वेळेला एका बाजूला रांगेत उभं राहायची जागा दिली. जागा दिली की ते गेटात घुसत नाहीत. तीस रिक्षा म्हणजे शंभराच्या आसपास माणसं, आणि त्यांची एकही गाडी मैदानात नाही. पार्किंगची एवढी मोठी मदत दुसरं कोणी करत नाही, पण आयोजकांच्या बैठकीत रिक्षाचं नाव कधी निघत नाही.

शहरबसचं नाव मात्र निघतं. २०१८ च्या डिसेंबरात स्मार्ट सिटीच्या बस सुरू झाल्या आणि पुष्कळांना मोठी आशा वाटली. दिवसा त्या चालतात, विद्यार्थी वापरतात. पण कार्यक्रम सुटतो त्या वेळी बस सहसा मिळत नाही, आणि परतायची खात्री नसेल तर माणूस जातानाही बसनं जात नाही. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले तेव्हा पोलिसांनी लोकांना शक्यतो गाड्या आणू नका, लोकलनं या, असं सांगितलं. तिथं नेरूळ स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, म्हणून ते सांगता आलं. आपल्याकडे लोकल नाही. पण महोत्सवाचे तीन दिवस क्रांती चौक, सिडको बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन इथून ठरल्या वेळी निघणाऱ्या आणि कार्यक्रम संपल्यावरच परतणाऱ्या बस चालवणं अवघड नाही. परतीची वेळ तिकिटावर छापली तर लोक बसतील. मी तरी बसेन.

नाट्यगृहांची अडचण निराळी. उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोतलं संत तुकाराम नाट्यगृह, निराला बाजारातलं तापडिया नाट्यमंदिर, सगळी भरवस्तीत किंवा बाजारात. तिथं मैदान आखायचा प्रश्न येत नाही. तिथं शेजाऱ्यांशी बोलायचं असतं. आसपासच्या शाळा, बँका संध्याकाळी आणि रविवारी बंद असतात आणि त्यांची आवारं रिकामी असतात. आधी जाऊन विनंती केली, चौकीदाराची सोय केली, दुसऱ्या दिवशी सकाळी आवार झाडून दिलं, तर ती मिळतात. झाडून देणं महत्त्वाचं, त्यावरच पुढच्या वेळचं अवलंबून असतं. आणि ज्या घरांसमोर गाड्या लागणार त्या घरांना दोन पास द्यावेत. फाटकासमोर गाडी लागली म्हणून जे काका दर कार्यक्रमाला भांडायचे, ते पास मिळाल्यावर आमच्या बरोबरीनं गाड्या वळवायला उभे राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पूर्वी मैफली रात्रभर चालत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला, तो कित्येक वर्षं रात्र रात्र चालायचा. आपल्याकडेही देवळांत, वाड्यांत, शाळांच्या पटांगणांत पहाटेपर्यंत गाणं झालेलं माझ्या वडिलांच्या पिढीनं ऐकलं आहे. तेव्हा माणसं आपापल्या सोयीनं उठत. कोणी बाराला, कोणी दोनला, उरलेले पहाटे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. काही ठराविक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, एरवी दहा म्हणजे दहा. नियम योग्यच आहे. झोपणाऱ्याचा, आजाऱ्याचा, अभ्यास करणाऱ्या पोराचा तो हक्क आहे. पण त्यामुळे एक झालं. जी गर्दी रात्रभर थेंबाथेंबानं ओसरायची ती आता दहाच्या ठोक्याला एकदम बाहेर येते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे, ती टाळायला माणसं दहाच्या आधी उठतात.

म्हणजे कधी उठतात? भैरवीला.

ज्यांनी मैफली ऐकल्या आहेत त्यांना भैरवी म्हणजे काय ते सांगायला नको. तीन तास गाणारा माणूस शेवटी भैरवी धरतो तेव्हा आधीचं सगळं गोळा करून देत असतो. आणि नेमकं त्याच वेळी मागच्या रांगांत चपला शोधायला सुरुवात होते, शाली झटकल्या जातात, किल्ल्या वाजतात. निम्मी सभा पाठ करून उभी. मी हे बाहेरून बघायची. भैरवीचे पहिले सूर यायचे आणि पाठोपाठ गेटाकडे धावणारी पावलं. उठणाऱ्यांना गाण्याची कदर नाही असं मला कधी वाटलं नाही. पैठणला, फुलंब्रीला, गंगापूरला परत जाणारी माणसं असतात, सकाळी सहाला कंपनीची बस धरणारी असतात. गेटात तासभर अडकायची भीती त्यांना उठवते. ती भीती काढली तर ती बसतील, असं माझं म्हणणं होतं आणि आहे.

एका कार्यक्रमात आम्ही ते करून बघितलं. मोकळ्या मैदानावरची मैफल होती, दोन गेटं होती, त्यातलं मागचं एरवी बंद असायचं. मैदानाच्या मालकांना भेटून ते उघडून घेतलं, वाटेवर दोन हॅलोजन लावले. सगळ्या मोटारी तोंड बाहेर करून लावून घेतल्या होत्या. येताना मागं घ्यायला मिनिट जास्त लागतं, कुरकुर होते, पण त्या वेळी मिनिट असतं. चहाचा गाडा निघायच्या वाटेवर न ठेवता एका बाजूला, खुर्च्या मांडून ठेवला. आणि शेवटच्या रचनेच्या आधी निवेदकाकडे एक चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती शांतपणे वाचली: बाहेर पडायला दोन्ही वाटा खुल्या आहेत, सा ते म या रांगा पुढच्या गेटानं आणि प ते नी या मागच्या गेटानं निघतील, ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी चहा आहे, आणि आता भैरवी.

उठले, काही जण उठले. पण मागची सभा बसून राहिली. गाणाऱ्या बाईंनी भैरवी लांबवली. एरवी त्या दहाला पाच कमी असताना आटोपतं घेत, कारण समोर पाठी दिसायला लागतात. त्या दिवशी त्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत गाणं नेलं. टाळ्या झाल्यावर माणसं सावकाश उठली. बरीच चहाकडे गेली, ‘काय गायल्या!’ असं बोलत उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात मैदान निम्मं रिकामं झालं. मुलं फक्त बॅटऱ्या हलवत होती. पार्किंगला उभ्या असलेल्या माझ्या मुलांपैकी एकजण, फुलंब्रीकडचा, कधी शास्त्रीय संगीताच्या वाटेला न गेलेला, मला म्हणाला, ‘मॅडम, ते शेवटचं काय होतं? मी तेवढंच ऐकलं, पण चांगलं होतं.’ पुढच्या वर्षी तो पार्किंगला स्वतःहून आला.

संगीतरत्नाकरासारखा ग्रंथ शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात इथं, देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिला. एमजीएमच्या आवारात महागामी गुरुकुल त्याच्या नावानं समारोह भरवतं. पंडित नाथराव नेरळकरांनी याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं शिकवलं, २०२१ मध्ये ते गेले. गाण्याची एवढी जुनी ओढ असलेल्या गावात श्रोत्याला शेवटपर्यंत बसता येत नसेल, तर ते गेटावर सोडवायचं काम आहे, व्याख्यानांनी ते सुटणार नाही. आयोजकांनी एवढं करावं: पार्किंगची जागा आणि वाट तिकिटावरच छापावी, उतरायची जागा वेगळी ठेवावी, रिक्षांना रांग द्यावी, बाहेर पडायला दोन वाटा असल्याशिवाय मैदान ठरवू नये, आणि पार्किंगला उभ्या पोरांना जेवण आणि गाणं ऐकायला एखादा स्पीकर द्यावा. ती तिथं तुमच्यासाठीच उभी असतात.

आणि तुम्ही कार्यक्रमाला निघाल तेव्हा अर्धा तास आधी निघा, शेजारच्या दोघांना बरोबर घ्या, गाडी तोंड बाहेर करून लावा. मग भैरवीला उठू नका.